जिंजर : ओलं की वाळलेलं?



चहाच्या मसाल्याचं पाकीट हातात घेतलं की आपण आधी ते उलटं करतो. हिरवा ठिपका पाहून इतरांचं समाधान होतं. आपलं होत नाही, कारण त्या ठिपक्याला कांदा, लसूण, बटाटा सगळं चालतं. म्हणून मग चष्मा लावून बारीक अक्षरांतली यादी वाचायची. वेलची, मिरी, लवंग, दालचिनी, आणि मध्येच कुठेतरी ‘जिंजर’. इथे बोट थांबतं. आलं की सुंठ? आलं असेल तर पाकीट पुन्हा फळीवर, सुंठ असेल तर पिशवीत. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, ‘अहो ताई, एकच ना दोन्ही!’ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्याचं बरोबर आहे. आपल्या चौक्याच्या दृष्टीने नाही.

गोऱ्यांना आपल्या स्वयंपाकातलं काय कळणार, असं म्हणून हा प्रश्न सोडून देता आला असता. पण ‘जिंजर’ हा शब्द गोऱ्यांचा नाहीच मुळी. तो आपल्याकडून गेलेला आहे. आणि नुसता आपल्या देशातून गेलाय असं नाही, तो आपल्या ग्रंथांत बसलेला आहे.

दिगंबर घरांत ‘रत्नकरंड श्रावकाचार’ अनोळखी नाही. पाठशाळेत थोडातरी कानावरून गेलेला असतो. दीडशे श्लोकांचा छोटा ग्रंथ, आचार्य समंतभद्रांचा. त्यांचा काळ कोणी दुसरं शतक धरतो, कोणी सहावं. परंपरा त्यांचं नाव दक्षिणेतल्या कांचीशी जोडते. या ग्रंथात भोगोपभोगपरिमाण व्रत सांगताना आचार्यांनी श्रावकाने काय टाळावं याची एक अगदी लहान यादी दिली आहे. मुळा, लोणी, कडुलिंबाची फुलं, केवडा. आणि या यादीत शृंगवेर आहे. टाळायचं कारणही तिथेच सांगितलं आहे : फळ थोडं आणि विघात फार. जिभेला मिळणार ते चिमूटभर, त्यासाठी जीव जाणार ते असंख्य. अन्नाच्या बाबतीत इतका सरळ हिशेब मी दुसरीकडे क्वचितच वाचला आहे.

शृंगवेर म्हणजे आलं. आणि शृंगवेर म्हणजेच जिंजर. ही ओढूनताणून लावलेली व्युत्पत्ती नाही, इंग्रजीचे मोठे शब्दकोश तीच देतात. पण मला जास्त थबकायला लावलं ते दुसऱ्याच गोष्टीने. आचार्यांनी नुसतं ‘शृंगवेर’ म्हटलेलं नाही. त्यामागे ‘आर्द्र’ हे विशेषण लावलं आहे, ओलं शृंगवेर. श्लोकात जागा मोजकी असते, एकेक अक्षर जपून वापरावं लागतं. तरी त्यांनी हे विशेषण वगळलं नाही, कारण ते वगळलं असतं तर ओलं की वाळलेलं हे कळलंच नसतं. म्हणजे पाकीट उलटं करून आपल्याला जो प्रश्न पडतो, तो त्यांच्यासमोरही होता. हा शब्द तेव्हाही ते सांगत नव्हता.

आपल्या मुलुंड-घाटकोपर-बोरिवलीत एका जिन्यावर दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी असे सगळे राहतो, तेव्हा शेजारच्या घरातल्या आगमांकडेही बघू. उत्तराध्ययन सूत्राच्या शेवटच्या, छत्तिसाव्या अध्ययनात जीव आणि अजीव यांचे प्रकार सांगितले आहेत. तिथे साधारणशरीर वनस्पतींची, म्हणजे एकाच शरीरात अनंत जीव राहतात अशा वनस्पतींची, नावं येतात. त्यांत मुळा आहे, कांदा आहे, लसूण आहे, हळद आहे. आणि यादीच्या सुरुवातीलाच ‘सिंगबेर’ आहे. अर्धमागधीतला शब्द. एकदा मोठ्याने म्हणून बघा : सिंगबेर, झिंजिबर, जिंजर. कानालाच पटतं.

(जाता जाता : याच यादीत ‘आलुअ’ असाही एक कंद आहे. त्याला आजचा बटाटा समजू नये. बटाटा अमेरिका खंडातला. तो पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर आला, आणि आपण मराठीत त्याचं पोर्तुगीज नावच ठेवून घेतलं. महावीरस्वामींच्या काळी बटाटा इथे कोणी पाहिलेलाही नव्हता. ‘शास्त्रात बटाट्याचं नाव दाखवा’ म्हणून वाद घालणाऱ्या भाचरांना एवढंच सांगावं की शास्त्रात लक्षण दिलं आहे, नावांची यादी तिथे संपत नाही.)

दुसरं सूत्र दशवैकालिक. आर्य शय्यंभवांनी ते आपल्या बालमुनी पुत्रासाठी, मनकासाठी रचलं अशी परंपरा आहे. मनकाचं आयुष्य सहाच महिने उरलं होतं, म्हणून सगळ्या आगमांचं सार थोडक्यात. त्याच्या तिसऱ्या अध्ययनात साधूला काय चालत नाही ते सांगितलं आहे. त्यातही मुळा, सिंगबेर आणि उसाचे करवे एका ओळीत आहेत. आणि इथेही सोबत एक विशेषण आहे, ‘अनिव्वुड’. म्हणजे अजून निर्जीव न झालेलं, अचित्त न झालेलं. समंतभद्रांनी संस्कृतात ‘आर्द्र’ म्हटलं, इथे प्राकृतात ‘अनिव्वुड’. दोन परंपरा, दोन भाषा, पण या एका शब्दाला दोघांनीही मोकळं सोडलेलं नाही.

बौद्धांकडेही हा शब्द आहे. पालीत ‘सिंगिवेर’. भिक्षूंना औषध म्हणून जवळ ठेवायची परवानगी असलेल्या मुळांत हळदीच्या शेजारी त्याचं नाव येतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या प्रकरणात तिखट पदार्थांचा वर्ग आहे. त्यात पिंपळी, मिरी आणि शृंगिबेर. धर्म, औषध, राज्याचं कोठार, तिन्हीकडे एकच शब्द.

आता हा शब्द मुळात कुठला? संस्कृत पंडितांनी त्याची फोड केली ती शृंग म्हणजे शिंग आणि वेर म्हणजे शरीर, शिंगासारखं अंग असलेलं ते शृंगवेर. आल्याची बोटं पाहिली की हे पटतं. सांबराच्या शिंगासारखेच फाटे असतात. पण भाषेचे अभ्यासक म्हणतात की ही नंतर बसवलेली कथा आहे. तमिळ आणि मल्याळममध्ये आल्याला ‘इंजी’ म्हणतात आणि ‘वेर’ म्हणजे मूळ. या इंजीच्या आरंभी फार पूर्वी ‘स’ किंवा ‘च’सारखा उच्चार होता. तमिळ-मल्याळममध्ये तो गळला, पण त्याआधी उत्तरेकडे गेलेल्या शब्दात तो टिकला. म्हणून पालीत सिंगिवेर. मग संस्कृतात त्याला शिंग फुटलं. ॲलन रॉस नावाच्या इंग्रज भाषापंडिताने १९५२ साली या एका शब्दावर आख्खं पुस्तक लिहिलं. एका शब्दासाठी एवढं! पण वाट पाहिली तर आश्चर्य वाटत नाही.

ती वाट समुद्रातून जाते. रोमन लोकांना आपल्याकडच्या मसाल्यांचं वेड होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-वहीत, तिला पेरिप्लस म्हणतात, आपल्या किनाऱ्यावरची बंदरं नावानिशी आहेत. सुप्पारा म्हणजे आपलं सोपारा, कल्लिएना म्हणजे कल्याण. दोन्ही आज लोकलची स्टेशनं. मिरीचा मोठा व्यापार आणखी खाली, मलबारात चाले. तिकडून आणि अरबांच्या हातून हा कंद ग्रीकांपर्यंत पोचला आणि शृंगवेराचं ‘झिंगिबेरिस’ झालं, पुढे लॅटिनमध्ये ‘झिंजिबेर’. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने त्याच शतकात भाव लिहून ठेवला आहे : पौंडाला ६ दिनार. काळी मिरी ४ दिनार, पांढरी ७. म्हणजे आपलं आलं तिथे काळ्या मिरीहून महाग होतं. प्लिनीला आणखी एक सांगावं लागलं, की हे मिरीच्या झाडाचं मूळ नव्हे. तिकडे बऱ्याच जणांची तशी समजूत होती. झाड कोणी पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळे खुद्द प्लिनीनेही ते अरबस्तानात उगवतं असं लिहून टाकलं. माल ज्याच्या हातून येतो त्याच्याच गावचा वाटतो.

त्याच काळातला डायोस्कोरिडीस हा वैद्य मला जास्त जवळचा वाटला. तो गृहिणीसारखा सूचना देतो. घेताना कीड न लागलेलं बघून घ्या, म्हणतो. आणि हे लवकर खराब होतं म्हणून काही लोक ते मुरवून मातीच्या भांड्यांतून इटलीला आणतात, असंही सांगतो. अख्खी सुंठ घेऊन ठेवणारीला यातलं पहिलं वाक्य समजावून द्यायला नको. वरून गुळगुळीत दिसते आणि फोडली की आत भोकं आणि भुगा. दोन हजार वर्षं झाली तरी सुंठेची ही खोड गेलेली नाही. म्हणून अख्खी सुंठ कुटण्याआधी तुकडे करून, उजेडात बघून घ्यावी. तयार पूड घेतली तर हे पाहण्याची सोयच राहत नाही.

या दोन रोमनकालीन नोंदींतून एक गोष्ट लक्षात येते. ओलं आलं गलबतात महिनोन्महिने टिकणारं नव्हतं. त्यामुळे पश्चिमेला जे पोचलं ते मुख्यतः वाळलेलं किंवा मुरवलेलं. शब्द इथून निघाला तेव्हा त्यात ओलं आणि वाळलेलं दोन्ही होतं. तिकडे उतरला तेव्हा हातात मुख्यतः सुंठ होती. फरक करायला दुसरी वस्तूच समोर नाही, तर दुसरा शब्द कशाला हवा? इंग्रजीत आल्या-सुंठेला एकच नाव का, याचं माझ्या मते सगळ्यात सरळ उत्तर हे आहे. पुढे ओला कंद त्यांना कळला तेव्हा त्यांनी त्याला ‘ग्रीन जिंजर’ म्हटलं, म्हणजे विशेषण लावून काम भागवलं. इंग्लंडमधल्या हल शहरात एका बोळाचं नावच ‘लँड ऑफ ग्रीन जिंजर’ आहे.

लॅटिनमधल्या झिंजिबेरचं पुढे ‘जिंजिबेर’ झालं, जुन्या इंग्रजीत ‘जिंजिफेर’, फ्रेंचांकडून ‘जँजिब्र’, आणि घासत घासत ‘जिंजर’. अरबांनी त्याला ‘झंजबील’ केलं. कुराणात स्वर्गातल्या पेयात झंजबील मिसळलेलं असेल असा उल्लेख आहे. जर्मनीत इंगवर, रशियात इंबीर. जर्मन ‘इंगवर’ आणि तमिळ ‘इंजी-वेर’ शेजारी ठेवले तर सरळ नातं वाटतं, पण तो शब्दही लॅटिनच्याच वाटेने गेलेला आहे, सुरुवातीचं अक्षर वाटेत गळालं इतकंच.

इंग्रजीत या शब्दाने जे संसार मांडले ते थोडक्यात सांगते, कारण मुलांच्या इंग्रजीच्या पुस्तकात ते भेटतात. ‘जिंजरब्रेड’मध्ये मुळात ब्रेड नव्हता. जुन्या फ्रेंचमध्ये मुरवलेल्या आल्याला जो शब्द होता त्याचा शेवट इंग्रजांच्या कानाला ‘ब्रेड’सारखा लागला, आणि मग खरोखरच तसा केक होऊ लागला. आपल्या पंडितांनी शिंग शोधलं, त्यांनी पाव. ‘जिंजरली’, म्हणजे अलगद, जपून, याचा मात्र आल्याशी काही संबंध नाही. तो दुसऱ्याच, नाजूक अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला असावा असं मानतात. तांबूस केसांच्या माणसाला ‘जिंजर’ म्हणतात ते अलीकडचं. आणि ‘जिंजर अप’, एखाद्यात चेव आणणं, हा वाक्प्रचार मात्र मी यापुढे वापरणार नाही. घोड्यांचे व्यापारी विकायला आणलेल्या घोड्याने शेपूट उंच धरावी, तरतरीत दिसावं म्हणून त्याच्या शेपटीखाली, आत, आलं कोंबत. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये छापलेल्या बाजारू शब्दांच्या कोशात ही रीत नोंदलेली आहे. ऑफिसांत लोक सहज म्हणून जातात, त्यामागे त्या मुक्या जनावराची आग आहे.

शृंगवेर तिकडे गेलं. मग आपल्याकडे काय राहिलं? तर आचार्यांच्या त्या जोडीतलं विशेषण राहिलं!

‘आर्द्र’वरून ‘आर्द्रक’ झालं, म्हणजे ओलं ते. आणि आर्द्रकापासून आपलं ‘आलं’. हे कसं झालं ते सांगायला पुन्हा एक जैन आचार्यच आहेत. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी जे व्याकरण लिहिलं, त्याच्या आठव्या अध्यायात प्राकृत भाषेचे नियम आहेत. त्यात आर्द्र या शब्दाची प्राकृत रूपं दिली आहेत : उल्ल, ओल्ल, अल्ल, अद्द. जरा थांबून ही चार रूपं परत वाचा. ‘ओल्ल’ म्हणजे आपलं ओलं. ‘अल्ल’वरून आपलं आलं. ‘अद्द’वरून गुजराती शेजारणीचं आदू आणि हिंदीतलं अदरक. म्हणजे आपण ‘ओलं आलं’ म्हणतो तेव्हा एकच शब्द दोनदा म्हणतो. तेलुगूतही आल्याला ‘अल्लम’ आहे.

सुंठ तशीच, उलट बाजूने. शुंठी. संस्कृत वैयाकरणांच्या धातुपाठात शुठ् हा धातू शोषण्याच्या, सुकण्याच्या अर्थाने दिला आहे. म्हणजे मराठीत आलं या नावातच ओल आहे आणि सुंठ या नावातच सुकणं आहे. नाव घेतलं की प्रश्न मिटला. इंग्रजीला जिथे विशेषण लागतं तिथे आपल्याला आख्खे दोन शब्द आहेत. तमिळमध्येही तसंच, ओलं इंजी आणि वाळलेलं सुक्कू.

ही गोष्ट परक्यांच्याही नजरेत आली होती. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे. आपली मुंबई, म्हणजे तेव्हाचं लहानसं बेट, त्याच्याकडे पट्ट्याने होतं. त्याने हिंदुस्थानातल्या औषधी वस्तूंवर संवादांच्या रूपात पुस्तक लिहिलं, ते १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. त्यात आल्यावर एक संवाद आहे, आणि गुजरात आणि दख्खनमध्ये ओल्याला ‘अद्रक’ आणि वाळलेल्याला वेगळं नाव आहे हे त्याने टिपलं आहे. त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी, १८३१ साली, मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश मुंबईत निघाला. त्यांनाही मराठी सुंठेपुढे इंग्रजी लिहिताना ‘ड्राय’ हे विशेषण जोडावंच लागलं.

आमच्या सांगली-कोल्हापूर-निपाणीकडच्या बायकांना यातली एक गंमत घरातूनच ठाऊक असते. कानडीत आल्यालाही शुंठीच म्हणतात. ओली ती ‘हसी शुंठी’, वाळलेली ती ‘ओण शुंठी’. त्यामुळे सीमेवरच्या गावात सुंठ मागताना कानडी दुकानदाराला ‘ओण’ सांगायला विसरून चालत नाही. मराठीत सुंठ म्हटली की वाळलेलीच, आणि तोच शब्द दहा मैलांवर ओला होतो.

आता मुख्य मुद्दा, जो घरोघरी नव्या सुना आणि कॉलेजात जाणाऱ्या मुली विचारतात : आलं नको आणि सुंठ चालते, हे कसं? कंद तर तोच. मग बटाट्याचे वाळवलेले काप का नाही चालत?

महाराजांच्या प्रवचनांतून आणि जुन्या बायकांकडून जी कारणं ऐकत आले ती अशी. ओला कंद जिवंत असतो. बाजारातून आणलेलं आलं ओट्यावर आठ दिवस राहिलं तर त्याला डोळे फुटतात, कोंब येतात. एका कंदाचे दहा तुकडे केले तर दहा झाडं होतात. एका शरीरात अनंत जीव म्हणजे काय, हे यातून थोडं तरी डोळ्यांना दिसतं. सुंठ पेरून उगवत नाही, ती प्रासुक झालेली असते. दुसरं कारण प्रमाणाचं. सुंठ चिमटीने वापरतात, वाटीने नाही. सुंठेची भाजी कोणी करत नाही. ती औषध आहे. मिरी, पिंपळी आणि सुंठ मिळून त्रिकटू होतं. बाळंतिणीच्या लाडवात ती असते, पुरणात असते, रामनवमीला शेजाऱ्यांकडून सुंठवडा येतो. मराठीत तर ‘सुंठेवाचून खोकला गेला’ ही म्हणच आहे. बटाटा कोणी औषध म्हणून चिमूटभर खात नाही. तो वाळवला तरी पोटभर खाण्यासाठीच वाळवतात, आणि पोटभर खाण्यासाठी किलोंनी काढायचा म्हणजे समंतभद्रांचा तो हिशेब पुन्हा उलटा पडतो.

इथे एक प्रामाणिक अडचण आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सुंठ काही झाडाला लागत नाही. ती आल्याचीच होते. पीक आठ-नऊ महिन्यांचं झालं, पानं पिवळी पडली की कंद खणतात, धुतात, साल खरवडतात आणि आठवडाभर किंवा जास्त उन्हात वाळवतात. पांढरी दिसावी म्हणून कधी चुन्याच्या निवळीतून काढतात. साधारण पाच किलो आल्याची जेमतेम एक किलो सुंठ होते. म्हणजे वाळवलेली आहे म्हणून मोकळ्या हाताने वापरली तर मागे पाचपट कंद खणलेले असतात. म्हणूनच मला त्या चिमटीचं कारण प्रासुकतेच्या कारणाइतकंच वजनदार वाटतं. काही घरांत व्रती माणसं सुंठही सोडतात, त्यांना कोणी अतिरेकी म्हणू नये. आणि ज्यांच्याकडे सुंठ चालते त्यांनी दुधात चमचाभर घालून ‘आम्ही आलं खात नाही’ असंही म्हणू नये.

बाजारातलं आपलं आलं बहुधा साताऱ्याकडचं किंवा संभाजीनगरकडचं असतं. साताऱ्यात लावतात त्या एका प्रसिद्ध जातीचं नाव ‘माहीम’ आहे. लागवडीतली दुसरी एक जात ‘रिओ डी जानेरो’, थेट ब्राझीलहून आलेली. कंद इथून जगभर गेला आणि परदेशी नाव लावून परत आला. शास्त्रज्ञांनी या झाडाला जे लॅटिन नाव दिलं, ‘झिंजिबर ऑफिसिनॅले’, १८०७ पासूनचं, त्यात पहिला शब्द आपला सिंगबेरच आहे आणि दुसऱ्याचा अर्थ ‘औषधांच्या कोठीतलं’.

तर पाकिटावर परत येऊ. ‘जिंजर पावडर’ लिहिलं असेल तर ती सुंठच, कारण ओल्याची पूड होत नाही. ‘जिंजर पेस्ट’ असेल तर आलं, आणि बहुतेक वेळा सोबत लसूणही. नुसतं ‘जिंजर’ असेल तर कोरड्या मसाल्यात ते वाळलेलंच असण्याचा संभव जास्त, पण लोणचं, चटणी, फरसाणाचं ओलं सारण, तयार भाजी यांत ते ओलं धरून चालावं. सगळ्यात अवघड यादी ती, जिच्यात फक्त ‘मसाले’ एवढंच असतं. आपल्याकडच्या अन्नाच्या लेबलांच्या नियमांत मसाल्यांची नावं वेगवेगळी न देता एकत्र ‘मसाले’ लिहायची मुभा आहे. तिथे शब्दाचा इतिहास कामाला येत नाही, कंपनीला फोनच करावा लागतो.

हॉटेलात ‘जैन’ म्हटलं की कांदा, लसूण, बटाटा गेलेला असतो, आलं गेलेलं असेलच असं नाही. सांबारात नसतं, पण चटणीत असतं, मेदूवड्यात बारीक चिरलेलं असतं. तेव्हा ‘जैन’ सांगून झाल्यावर ‘अद्रक पण नको’ हे वेगळं सांगावं. स्टेशनाबाहेरच्या टपरीवर तर चहावाल्याच्या हातात खलबत्ता दिसला की तिथेच कळतं. गवती चहा आणि पुदिना घालून देणारे टपरीवालेही आता मिळतात.

एक फसवी जागा मुद्दाम सांगते, कारण हल्ली मुलांच्या वाढदिवसांत त्या बाटल्या असतात. ‘ड्राय जिंजर एल’. ड्राय जिंजर म्हणजे सुंठ, हे आताच वर वाचलंत, म्हणजे ही चालेल असं वाटेल. पण इथला ‘ड्राय’ जिंजरला लागत नाही, एलला लागतो, आणि त्याचा अर्थ कमी गोड. वाइनसाठी तो शब्द याच अर्थाने वापरतात. १९०४ साली कॅनडातल्या टोरांटोत जॉन मॅकलॉफ्लिन याने ‘कॅनडा ड्राय’ काढली, तिच्या नावातला ड्रायही तोच. त्या नावावरून आलं ओलं की वाळलेलं याचा काही पत्ता लागत नाही. बाटलीमागची यादी वाचावी, आणि तिथेही नुसतं फ्लेवर लिहिलेलं असेल तर मुलांना कोकम सरबत द्यावं.

घाटकोपरच्या एका दुकानात परवा पर्युषणासाठी म्हणून वेगळे ठेवलेले मसाले पाहत होते. स्थानिक घरगुती उद्योगाचं साधं पाकीट, छापील चिठ्ठी चिकटवलेली. यादी सगळी इंग्रजीत : ब्लॅक पेपर, कार्डमम, क्लोव्ह. आणि शेवटी, त्याच इंग्रजी लिपीत, ‘सूंठ’. मी दोन पाकिटं घेतली.